बहिरूबुवाचा चिकट अंगारा

पिंपळवंडीत चिमाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सहा वर्षं तिच्या नडग्यांवर खवल्यांसारखे चट्टे होते. बहिरूबुवाच्या अंगाऱ्यानं ते महिन्याभरात पुसट झाले, आणि चार दिवसांपासून तिचे पाय चाटू लागलेला काळ्या कुत्रा आज सकाळी मेला.

"रोग कुत्र्यात उतरला!" बुवा गरजला. "जिवाला जीव दिला मुक्या जनावरानं! फोडा नारळ!"

कुत्रं मेलं हाच पुरावा. बुवाला दुसरा लागतच नव्हता.

बायका चिमाबाईच्या पाया पडत होत्या. धाकटी जाऊ मंगल दारातून बघत होती आणि आतून जळत होती. चट्टे तिच्याही कोपरांवर होते. तिला कधी कुणी 'कसं हाय' म्हणून विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी तिनं अंगारा आणला, कोपरांना चोपडला आणि आपल्या चंदी कुत्रीला जवळ ओढलं. "चाट गं." चंदीनं लाडानं दोन्ही कोपरं लख्ख केली.

दुसऱ्या दिवशी चंदी ओकायला लागली. घमेलंभर पाणी प्यायली, तरी तहान भागेना. पाय लटपटून खाली बसली. बसल्या जागी तिनं मंगलकडे बघून शेपूट हलवली, तशी मंगल कुंपणाकडे धावली.

"सुभाषभाऊ, रिक्षा काढा!" तिनं शेजाऱ्याला हाक मारली.

आळेफाट्याला जनावरांच्या डॉक्टर चेतनाताईंनी रक्त तपासलं, सलाईन लावलं. "कॅल्शियम भलतंच वाढलंय. काय चाटलं हिनं?"

मंगलनं अंगाऱ्याची पुडी पुढे केली. डॉक्टरांनी चिमूट बोटांत चोळली. "राख अशी चिकट असते होय? यात मलम कालवलंय."

सुभाषनं बुवाच्या झोपडीमागचा उकिरडा उपसला. सोरायसिसच्या, म्हणजे अशाच खवल्यांच्या चट्ट्यांवरच्या, मलमाच्या पिळलेल्या ट्यूबा निघाल्या. त्या त्यानं दवाखान्यात आणल्या. त्या बघून डॉक्टर म्हणाल्या, "माणसाच्या कातडीला हे औषध. कुत्र्याच्या पोटात गेलं की विष. मूत्रपिंडं निकामी होतात."

सहाव्या दिवशी चंदी उभी राहिली. मंगल ट्यूबा घेऊन चिमाबाईच्या भरल्या अंगणात बुवासमोर गेली.

"जावेवर जळतीस तू!" बुवा ओरडला.

"जळत व्हते. लई जळत व्हते," मंगल म्हणाली. "म्हणून तर माझी कुत्री मी माझ्या हातानं मरणाच्या दारात नेली. पण ह्या ट्यूबा काय माझ्या जळण्यानं रिकाम्या झाल्या न्हाईत, बुवा."

बुवा घाईघाईनं चपला शोधू लागला. चिमाबाईनं एक ट्यूब हातात घेतली. "म्हंजी माझा काळ्या..." ती पायरीवर बसली. मंगल तिच्याशेजारी बसली.

रोग कुत्र्यात उतरत नाही, औषध उतरतं. मलम डॉक्टरांना विचारूनच लावा, लावलेली जागा कुत्र्याला चाटू देऊ नका, ट्यूब त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका. चाटलंच, तर ती ट्यूब घेऊन तडक दवाखाना गाठा. उतारा काढत बसू नका.