फोनला दाखवलेलं शहर

पीटर्सबर्गला पोचलो त्या दिवशी रिम्माने मला काही म्हणजे काही धड बघू दिलं नाही.

सकाळी गाडीतून उतरलो, खोलीवर सामान टाकलं आणि जी पळापळ सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत. कझान कॅथेड्रलसमोर मी मान वर करून खांब बघतेय, तर हिचं आपलं, "क्लावा, काढ ना गं फोटो. पाय नकोत, कमरेपासून वर घे." नदीकाठी तेच, पुलावर तेच, सिंहांच्या पुतळ्यांपाशी तेच. खांद्यावरच्या पिशवीत चार ब्लाउज, तीन स्कार्फ आणि एक टोपी. दर ठिकाणी कुठल्या तरी चहाच्या दुकानाच्या संडासात शिरायची आणि वेगळीच बाई होऊन बाहेर यायची. शिवणकाम करणारी ती, अंगावर काय कसं शोभतं ते तिला बरोबर कळतं. पण पंचावन्नाव्या वर्षी हे काय थेर, असं मला वाटलं आणि मी ते बोललेही.

"नवरी आहेस का तू? लोक बघतायत."

"बघू देत. क्लावा, आता जरा डावीकडून."

"डावीकडून तुझं नाक मोठं दिसतं."

"दिसू दे. काढ."

ऊन मात्र छान होतं. मे महिन्यात असं ऊन म्हणजे नशीबच. माझा जन्म गेला शाळेच्या स्वयंपाकघरात, मोठमोठी पातेली ढवळण्यात आणि पोरांवर ओरडण्यात. लहानपणी कुणीतरी चॉकलेटचा डबा आणला होता, त्याच्या झाकणावर या शहरातल्या राजवाड्याचं चित्र होतं. तो डबा आईने बटणं ठेवायला घेतला आणि मी ते चित्र बघत मोठी झाले. निवृत्तीनंतर कुठे हा योग आला, तोही रिम्मा "चल, जाऊ या" म्हणाली म्हणून. आणि आता ती मला एका जागी उभं राहू देत नव्हती. दुपारी एका टपरीवर तळलेले कोर्युश्का मासे खाल्ले, ते तेवढे निवांत. वसंतात नेवा नदीत मिळणारे हे छोटे मासे, त्यांना ताज्या काकडीचा वास असतो. रिम्माने माझ्या ताटलीतलेही संपवले.

आमचं गाव वोलोग्दाच्या पलीकडे आहे. स्टेशनवर सोडायला रिम्माचा नवरा गेना आला होता. माझी बॅग त्यानेच डब्यात चढवली, दोघींच्या चादरी अंथरून दिल्या. आमच्या अख्ख्या इमारतीत त्याच्यासारखा माणूस नाही, असं बायका म्हणतात. कुणाचा नळ गळू दे, कुणाची गाडी बर्फात रुतू दे, गेना हजर. माझा नवरा गेला तेव्हा जमीन गोठलेली, कबरीचा खड्डा खणायला माणसं मिळत नव्हती. ती त्यानेच आणली. या सहलीला तो हो म्हणाला तेही माझ्यामुळेच. "क्लावदिया पेत्रोव्ना बरोबर आहेत म्हटल्यावर मला घोर नाही," असं माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाला. मग रिम्माचा फोन स्वतः चार्ज करून तिच्या हातात दिला. "फोटो पाठवत जा. दिवसभर."

रिम्माच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. दारात सापडली, असं ती सांगते. ज्या संध्याकाळी सापडली त्या संध्याकाळी मी त्यांच्या घराच्या अगदी खाली, माझ्या घरी होते, आणि दार आपटल्याचा आवाज मला आलेला नाही. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी काही चांगलंचुंगलं केलं की वर नेऊन द्यायची, ती माझे कपडे सैल करून द्यायची. आमची मैत्री अशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. आम्ही हर्मिटेज म्युझियम बघायला निघणार होतो. मी बूट घातले, छत्री घेतली, दार उघडलं. वळून बघते तर रिम्मा कोट घालून पलंगाच्या कडेला बसलेली.

"ये ना," ती म्हणाली. "क्षणभर बसू या."

मी बसले. सवयच ती. लांबच्या वाटेला निघायचं असलं की घरातली सगळी माणसं जिथे असतील तिथे टेकतात. कुणी बोलत नाही. मग घरातलं मोठं माणूस 'चला, देवाचं नाव घेऊन' म्हणतं आणि सगळे उठतात. आईने मला असं बसवलं होतं, माझा मुलगा सैन्यात निघाला तेव्हा मी त्याला बसवलं होतं. बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्युझियम बघायला निघताना कुणी बसत नाही.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

रिम्मा कोटाची बटणं लावत राहिली.

"रिम्मा, मी काय विचारतेय?"

"कोपऱ्यावर एक गाडी येणार आहे," ती म्हणाली. "एक बाई आहे, पैसे घेऊन लोकांना तिच्या गाडीतून सोडते. रेल्वेचं तिकीट काढलं असतं तर पासपोर्टचा नंबर लागला असता. गेनाचा चुलतभाऊ पोलीस खात्यात आहे, ते तुला ठाऊक आहे."

"आणि सामान?"

"काही नाही. सगळं इथेच." तिने फोन माझ्या मांडीवर ठेवला. "मी कुठे आहे ते त्याला नकाशावर दिसतं. म्हणून हा तुझ्याकडे राहू दे. याला शहर दाखव. मी जिथे गेले असते तिथे याला ने, आणि अधूनमधून एकेक फोटो पाठव. कालचे आहेत ते. वेगळे कपडे, वेगळी ठिकाणं. परतीच्या गाडीपर्यंत पुरतील. तोवर मी लांब गेलेली असेन."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, खूप राग आला. हे शहर बघायला म्हणून मी आले होते आणि हिने मला हमाल म्हणून आणलं होतं.

"आधी सांगायला काय जीभ झडली होती?"

"तुझा चेहरा, क्लावा. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. स्टेशनवर तो तुझ्याकडेच बघत होता."

ती कुठे निघाली ते सांगायला लागली, तेव्हा मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला नको सांगूस. मला माहीतच नसलं तर माझ्याकडून निघणार नाही. पत्रही नको, फोनही नको. कधीच नको." ती मान हलवत राहिली. मी हात काढला तेव्हा तळवा ओला झाला होता.

"चल, देवाचं नाव घेऊन," मी म्हटलं, कारण त्या खोलीत मोठी मीच होते.

ती गेल्यावर मी फोनला शहर दाखवायला निघाले. पाऊस सुरू झाला होता, तोही बोचऱ्या वाऱ्यासकट. हर्मिटेज ज्या राजवाड्यात आहे त्याच्यासमोरच्या चौकात छत्र्यांची लांबलचक रांग होती, त्या रांगेत उभी राहिले. ज्या इमारतीचं चित्र बघत मी मोठी झाले ती समोर होती आणि मला फक्त कोटाच्या खिशातला फोन जाणवत होता. थोड्या वेळाने एक फोटो पाठवला. निळा स्कार्फ, पुलाचा कठडा, रिम्मा हसतेय. चांगला आला होता.

लगेच फोन वाजला. गेना.

नाही उचलला तर संशय येणार. उचलला, हॅलो म्हटलं.

"क्लावदिया पेत्रोव्ना? तिच्या फोनवर तुम्ही कशा? रिम्मा कुठे आहे?"

"आधी नमस्कार तरी करशील का नाही?"

"नमस्कार. बातम्यांत तिकडे पाऊस दाखवतायत. तिने उन्हातला फोटो पाठवलाय."

त्या फोटोंमध्ये सगळं होतं, कपडे, टोप्या, पूल, पुतळे, आणि सगळ्यांवर कालचं ऊन होतं. ते दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. घाबरले की मी ओरडते, शाळेत लागलेली सवय. तशी ओरडले.

"मग कालचा असेल! मीच पाठवला. तुझ्या बायकोने काल ढीगभर मासे हादडले, माझे पण खाल्ले, आणि आता खोलीवर पोट धरून पडलीय. मला म्हणाली, गेना काळजी करेल, तू माझा फोन घेऊन जा आणि एखादा फोटो पाठव. मी इथे पावसात भिजतेय ते भिजतेय आणि वर तुझी उलटतपासणी!"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. पलीकडून तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बिचारी. मी निघतो. सकाळपर्यंत पोचतो."

नको म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो रात्रभर माझ्याकडे गाडी हाकत येणार, म्हणजे रात्रभर तो तिला शोधणार नाही. तेवढीच रात्र तिच्या पदरात.

"ये बाबा," मी म्हटलं. "औषध घेऊन ये."

सकाळी तो आला तेव्हा मी पलंगावर बसून होते. पळून जावं असं मनात येऊन गेलं होतं. पण खोली रिकामी दिसली असती तर त्याने तिथूनच चुलतभावाला फोन लावला असता. बाहेर मालकीणबाई नोन्नाशी त्याचं बोलणं ऐकू आलं. इतक्या पहाटे त्रास दिल्याबद्दल माफी मागत होता. त्याच्या पिशवीत ओट्स होते, वाळवलेले पाव होते, गोळ्या होत्या, रिम्माच्या घरात घालायच्या लोकरी सपाता होत्या.

आत आला, दार लावलं. रिम्माच्या पलंगाकडे बघितलं, त्यावरची सुरकुती नसलेली चादर बघितली. कपाट उघडलं. फोटोंमधले सगळे ब्लाउज तिथे टांगलेले होते.

"कुठे आहे?"

"माहीत नाही."

"क्लावदिया पेत्रोव्ना, तुम्ही वयाने मोठ्या. मी तुम्हाला कधी उलटून बोललोय का?"

"गेना, मला खरंच माहीत नाही. मीच तिला सांगू दिलं नाही."

तो माझ्या शेजारी बसला. माझा हात आपल्या हातात घेतला, थोपटल्यासारखं केलं. मग माझी करंगळी धरली आणि मागे वाकवायला लागला. घाई नाही, राग नाही, चेहऱ्यावर काही नाही. त्या संध्याकाळी दाराचा आवाज का आला नव्हता ते मला तेव्हा कळलं.

मी किंचाळले. तो आवाज तीनशे पोरांच्या जेवणघरात शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा. नोन्ना धावत आली, मागोमाग बाजूच्या खोलीतलं जोडपं. गेना तोपर्यंत उभा राहून माझ्यासाठी ग्लासात पाणी ओतत होता.

"घाबरल्यात," तो हळूच म्हणाला. "माझी बायको यांच्याबरोबर होती, तिचा पत्ता नाही. कसं सांभाळणार या वयात."

"याने माझं बोट मोडलं असतं!" मी ओरडले.

नोन्नाने माझ्याकडे बघितलं, ओट्सच्या पिशवीकडे बघितलं, सपातांकडे बघितलं. "आजी, असं काय बोलता? एवढ्या लांबून औषध घेऊन आलाय माणूस," ती म्हणाली, आणि त्याला गरम चहा करून द्यायला स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागोमाग गेले आणि तो जाईपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले. त्याने चहा घेतला, बशी धुऊन ठेवली, रिम्माचा फोन मागून घेतला आणि गेला. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी खोलीबाहेर पडले नाही. मी पीटर्सबर्ग बघितलं असं कुणाला सांगत नाही.

याला आता वर्ष होत आलं. लोकांच्या लेखी मी घर फोडणारी बाई. बायका गेनाला सारण भरलेले पाव, सूप नेऊन देतात आणि मला बघून गप्प होतात. तो मात्र माझ्याशी पहिल्यासारखाच अदबीने वागतो. जिन्यात गाठतो, माझ्या करंगळीकडे बघतो आणि दर वेळी तेच विचारतो, "काही कळलं का, क्लावदिया पेत्रोव्ना?"

"नाही."

"कळेल."

सुरुवातीला घरात येऊन दाराला दोन कड्या घालायची. नंतर मी त्या प्रश्नाची वाट बघायला लागले. तो दिसला नाही तर मुद्दाम कचऱ्याची बादली घेऊन त्याच्या यायच्या वेळेला खाली जायची. रिम्माची चिठ्ठी नाही, फोन नाही, तसं ठरलंच होतं. मग तिची खुशाली मला सांगणार कोण? एकटा तोच. तो विचारतोय, म्हणजे ती त्याला सापडलेली नाही. त्याने विचारलं की मला त्या रात्री झोप लागायची.

परवा तो जिन्यात भेटला. दाढी केलेली, अंगात नवा कोट. माझ्या हातातली बटाट्यांची पिशवी घेतली, दारापर्यंत आणून ठेवली. गुडघे कसे आहेत, मुलाचा फोन येतो का, सगळी चौकशी केली. मी किल्ली कुलपात घालून तशीच उभी राहिले. तो नेहमीचा प्रश्न न विचारताच जायला वळला.

"गेना," मीच विचारलं शेवटी, "काही कळलं का?"

तो हसला. "तुम्हाला अजून नाही कळलं?" म्हणाला, आणि वर निघून गेला.