काळी ढेप

आमच्या शाळेत हिवाळ्यात प्रत्येक पोरानं घरून टर्फची एक ढेप काखेत मारून आणायची. दलदलीतून कापून उन्हाळाभर वाळवलेली ती माती, तेच आमचं जळण. आणली त्यानं शेकोटीपुढं बसायचं, नाही आणली त्यानं दाराशी.

त्या वर्षी डिलिया गॉहनचा बाप खाटेला खिळला आणि त्यांची टर्फ कापायची राहिली. महिनाभर ती दाराशी बसून खोकत होती. मला ऐकवेना. एका सकाळी आईची नजर चुकवून मी दोन ढेपी उचलल्या आणि वाटेत एक तिला दिली.

"तुझी आई चामडी सोलेल," ती म्हणाली.

"कळलं तर ना."

टार्पी मास्तरांनी डिलियाची ढेप हातात घेऊन नखानं खरवडली. जड होती, कोळशासारखी काळी. गॉहनांच्या दलदलीच्या तुकड्यात निघायची ती वरची, तांबूस, भुसभुशीत टर्फ. काळी फक्त आमच्या खोल चरात. हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं आणि मी विसरले होते.

"काय बाईसाहेब, वडिलांनी खाटेवरूनच एवढं खोल खणलं?"

पोरं हसली. मीही हसले.

"कुणाची उचललीस?"

डिलियानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वाटेत सापडली, मास्तर."

"वा, वाटेवर उगवायला लागली का आता?" मास्तर माझ्याकडे वळले. "ऑनर, ही तुमचीच ना?"

"हो, मास्तर."

"तू दिलीस हिला?"

हो म्हटलं असतं तर छडी मला बसली असती, आणि संध्याकाळी आईचा मार वेगळा.

"नाही, मास्तर."

डिलियाच्या दोन्ही हातांवर सहा-सहा छड्या बसल्या. मग ती दाराशी गेली. तिची ढेप मास्तरांनी शेकोटीत टाकली. दुपारपर्यंत छान धगधगत होती. मी अगदी पुढं बसले होते.

डिलिया पुन्हा शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्या दारात उभी राहिली, हातात एक लाकडी तिपाई.

"पोरीनं तुमची ढेप उचलली म्हणे. आमच्याकडे टर्फ नाही. ही घ्या, जळेल चांगली."

मी आईच्या मागंच उभी होते. आईनं तिपाई उलटीसुलटी करून पाहिली. "ठेव तिथं," म्हणाली.

जाळली मात्र नाही. आई वर्षानुवर्षं तिच्यावर बसून गाईची धार काढायची. मलाही धार काढायला शिकवलं ते तिच्यावरच बसवून.