कॅथरिन मावशीचा पहिला नंबर

गास गावच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला मंडळी गुडघे टेकतात, तेव्हा असा कडकडाट होतो की बाहेरच्या चिंचेवरचे कावळे थेट उमेळे गावाला जाऊन बसतात. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

हे सगळे गुडघे एकाच मुलीची वाट पाहत होते. एडवर्डची सँड्रा. तिला एमबीबीएसला प्रवेश मिळाला त्याच दिवशी शेजारची कॅथरिन मावशी लंगडत आली. हातात सुकेळ्यांची, म्हणजे घरी वाळवलेल्या केळ्यांची पुडी.

"हाडांची डॉक्टर हो गो. पयला नंबर माझा."

सँड्रा अठरा वर्षांची, तोंडात सुकेळं. नाही कसं म्हणणार? "हो मावशी," म्हणाली.

झालं! महिन्याभरात गुडघ्यांचे एकशे बारा नंबर लागले. प्लासिडने तर डाव्याचा वेगळा लावला, उजव्याचा वेगळा. आणि केळी पिकली की दारात पुड्या. सँड्रा खात राहिली.

मग इंटर्नशिपमध्ये ती हाडांच्या ऑपरेशनला उभी राहिली. सर्जनने हातोडी मारली आणि बाई हत्यारांच्या ट्रेसकट आडव्या. तीनदा उभी राहिली, तीनदा पडली. तिला कळायचं ते कळलं. गावाला मात्र तिने कळू दिलं नाही.

पीजीच्या परीक्षेत रँक असा आला की हाडंही मिळाली असती आणि त्वचाही. कॉम्प्युटरवर पसंतीची यादी भरायची होती. शेवटच्या दिवशी सँड्राने पहिल्या ओळीत त्वचा टाकली आणि यादी लॉक केली.

"मावशीला कोण सांगणार?" आई, क्लारा, पाठीमागे उभी होती.

"मीच."

"कधी? ती नव्वदीची झाल्यावर?"

सँड्रा तशीच उठून गेली. मावशी ओटीवर केळी सोलत होती. पाय धनुष्यासारखा वाकलेला. सहा वर्षं तो पाय रोज पाहिला होता, पण डॉक्टरच्या नजरेने आज पाहिला. हा गुडघा तीन वर्षांपूर्वीच बदलायला हवा होता.

"मावशी, मी कातडीची डॉक्टर होतेय."

मावशीने हातातलं केळं खाली ठेवलं.

"शेल्डन तीनदा गाडी घेऊन आलेला, ऑपरेशनला न्यायला. पोटचा पोर, तीनदा परत पाठवला. म्हटलं, माझी डॉक्टर शिकतेय."

सँड्राने मनातल्या मनात सहा वर्षांची सुकेळी मोजली.

"तवाच नाय म्हटलं असतंस तर मी रागावले असते. दोन दिवस. फार तर तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत."

"चुकले, मावशी."

"चुकलीसच. आता चांगला डॉक्टर तूच शोध. आणि ऑपरेशनला आत माझ्या डोक्याशी तू उभी राहायचं."

"हातोडी वाजली की मी पडते गं."

"पड. मी सहा वर्षं ह्याच पायावर उभी हाय."

पंधरा दिवसांनी मावशी टेबलावर होती. कमरेखाली बधिर, वर टक्क जागी. सर्जनने हातोडी उचलली. पहिला घाव चिंचोटीच्या धबधब्यालाही ऐकू गेला म्हणतात.

सँड्रा पडली नाही. पडावंसं फार वाटत होतं. पडली असती तर सुटली असती. पण मावशीने तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"वाजलं का गो?"

"वाजलं, मावशी."

"बरं. उरले एकशे अकरा."