कुणाला न दिलेलं गाणं

लोकं म्हणतात, रूपालीबाईच्या गळ्यात मध हाय. म्हणणाऱ्याचं काय जातं? 'रूपाली नरवाडे आणि पार्टी, हदगाव' असा आमचा बोर्ड. जयंतीच्या टायमाला आमच्या तारखा मिळत न्हाईत, अन् कुणाची माय गेली की पुण्यानुमोदनाला आईवरचं गाणं म्हणायला मलाच बोलवतात. मी गायले अन् समोरच्याच्या डोळ्याला पाणी आलं न्हाई, असं सहसा होत न्हाई. माझ्याच पोटची एक पोरगी सोडून. महामाया तिचं नाव, आम्ही माया म्हणतो. चौथीत हाय.

माया दोन वर्षांची झाली तरी हाकंला मान वळवंना. सासू म्हणायची, "गाणारणीची लेक हाय, आत्तापासूनच नखरे करून राहिली." मला बी तसंच वाटायचं. मंग एक दिवस आमच्या मालकांनी, म्हंजे आनंदराज, पार्टीत ढोलकी तेच वाजवतात, तिच्या पाठीमागं जर्मनचं ताट फरशीवर आपटलं. मांजर उडी मारून पळाली. पोरगी आपली बाहुलीचे केस विंचरत बसली. नांदेडच्या डॉक्टरनं तपासलं अन् सांगितलं, दोन्ही कानांनी ऐकू येत न्हाई. मी त्या डॉक्टरलाच भांडले. म्हणलं, तुमची मशीनच बिघडली असंल, दुसरी आणा. 

त्याच हप्त्यात म्या मायासाठी पाळणा रचला. पोरगी पाळण्यात मावत नव्हती, तरी बी रचला.

नीज माझे माये, तुला घाई न्हाई काही,
तुझं गाणं बाई म्या कुणाला दिलं न्हाई.

अन् खरंच दिलं न्हाई. मालकाला सुद्धा ऐकू दिलं न्हाई. भांडे घासताना सुद्धा मनातल्या मनातच म्हणायची. आमचा पेटीवाला प्रीतम, माझा चुलत दीर, त्याला कुठून वास लागला काय की! मागंच लागला, "वहिनी, एकदा रेकॉर्ड करू. मोबाईलवर टाकलं की गावोगाव वाजंल." म्या म्हणलं, "प्रीतम, आणखीन एक शब्द बोललास तर तुझ्या पेटीचा भाता फाडीन. आधी माझ्या लेकीचे कान, मंग तुझं गाव."

कारण डॉक्टरनं ऑपरेशनचं सांगितलं होतं. कानाच्या आत तार बसवायची, कानामागं बाहेरून मशीन लावायची, अन् मशीनची एक चकती डोक्याला लोहचुंबकानं चिकटवायची. की पोरगी ऐकणार! लई हेलपाटे घातले तवा सरकारी योजनेत तिचा नंबर लागला. डोक्याला टाके घातलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसले, तवा बी मनात तोच पाळणा चालू होता.

टाके सुकल्यावर मशीन चालू करायला दवाखान्यात बोलावलं. तिथल्या मॅडमनी आधीच बजावलं, "ताई, पहिल्यांदा नुसती हळू हाक मारा. गाणं वगैरे नको." मॅडमला काय ठाव, मी कशी दम धरून होते ते. त्यांनी चकती चिकटवली, कॉम्प्युटरवर बटण दाबलं, अन् म्या पाळणा सुरूच केला.

मायाचे डोळे एवढे मोठे झाले. मला वाटलं, पोचला! आता हसंल. अन् पोरगी अशी किंचाळली म्हणता, बाहेर बाकावर बसलेले लोक उठून आत आले. तिनं चकती उपटून फेकून दिली अन् पप्पाच्या पोटात तोंड खुपसलं. मॅडम म्हणाल्या, "सगळीच मुलं घाबरतात ताई. सवय होईल." तेवढा एक शब्द धरून मी हदगावला वापस आले.

सवय झाली, खोटं काहून बोलू. मॅडमनी बोलायला शिकवलं, आम्ही घरी घोकून घेतलं, अन् ज्या दिवशी ती "मम्मी" म्हणली त्या दिवशी म्या अख्ख्या गल्लीत साखर वाटली. आता तर तोंडाला तोंड देते, माझ्यावरच गेली. पप्पा ढोलकीवर बसले की ही समोर मांडी घालून बसणार. ठेका असा धरते की पप्पाचा हात चुकला तर डोळे वटारते. अन् मी नुसता आवाज लावला की चेहरा कसनुसा करून म्हणते, "मम्मी, बंद कर ना. टोचतंय."

मी जळले. हाव, नवऱ्याच्या ढोलकीवर जळले. म्हणलं, "बडवा, बडवा! लेकीला चामडं कळतं, मायचा गळा कळत न्हाई." ते गरीब माणूस, ढोलकीला खोळ घालून माळ्यावर ठेवून दिली. मंग माया रडाय लागली, तर म्याच माळ्यावर चढून काढून दिली. दुसरं काय करणार, माय हाय मी तिची.

परत मॅडमकडं गेले. मॅडमनी समोर बसवून सांगितलं, "ताई, ही मशीन बोलणं कळावं म्हणून बनवलेली आहे. ठेका तिला कळतो. सुराचं वर-खाली जाणं नीट पोचत नाही. काही मुलांना पुढं चालून थोडंफार कळायला लागतं, काहींना नाही." म्या इचारलं, "मंग माझं गाणं तिला कसं ऐकू येतं?" त्या म्हणाल्या, "ते मला नाही सांगता यायचं." मंग बसमध्ये म्या मायालाच इचारलं. तिनं खिडकीकडं बघत इचार केला, खोटं तिला बोलता येत न्हाई. "पत्र्यावर खिळा ओढतात ना, तसं," म्हणली. "पण तू बोलतीस तवा छान वाटतं." अन् चिवडा खात बसली. 

तरी 'पुढं चालून थोडंफार' हे मॅडमचे शब्द म्या सोडले न्हाईत.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुरुडला एका म्हाताऱ्या बाईचं पुण्यानुमोदन होतं. मायाला संगं नेलं. भंतेजींची बुद्धवंदना झाली, आम्ही गायला बसलो, तर गेलेल्या बाईची लेक माझ्यापाशी आली. माझ्याच वयाची. म्हणली, "ताई, माय मला लेकरं झाल्यावर बी पाळणा म्हणायची. एखादा पाळणा म्हणा." मला जयंतीचे पाळणे ढीगभर येतात. पण तिचं तोंड बघितलं अन् माझ्या मनात आलं, आपण कुणासाठी राखून ठेवलंय? प्रीतमला सूर दिला अन् माझ्या मायाचाच पाळणा सुरू केला.

मालकांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मशीन चालू केली त्या दिवशी एक-दोन ओळी कानावर पडल्या होत्या तेवढ्याच, तरी त्यांनी वळखला. 'तुझं गाणं बाई म्या कुणाला दिलं न्हाई,' असं भरल्या मंडपाला सांगताना माझी मलाच लाज वाटली. बाया तोंडाला पदर लावून रडू लागल्या. माझं ध्यान त्यांच्याकडं नव्हतं. माया पुढंच बसली होती, आता तोंड वाकडं करंल म्हणून मी भीतभीतच तिकडं बघितलं.

तिनं तोंड वाकडं केलं न्हाई. टक लावून माझ्याकडं बघत होती, डुलत होती. हसत होती, अन् डोळ्यांतून पाणी गळत होतं. अगं माय! मॅडम म्हणल्या होत्या तेच झालं, माझ्या लेकीला सूर कळला! मंग मी काही माझी राहिले न्हाई. एकेक ओळ घोळून घोळून म्हणली. जिंदगीत तसं गायले न्हाई मी. तिच्या बाजूची बाई तिला जवळ घेऊन म्हणली, "मायचं गाणं लेकीला बरोबर कळतं बघा."

गाणं संपलं तशी मी सगळं तिथंच टाकून खाली पळाले. मायाचे दोन्ही खांदे धरले. "कळलं का गं? माया, ऐकू आलं का माझं गाणं?"

ती नुसती माझ्या ओठांकडं बघत राहिली. मंग फ्रॉकच्या खिशातून मशीन काढली, कानामागं बसवली, चकती डोक्याला चिकटवली. "आता बोल," म्हणली.

म्या इचारलं, "काहून काढली होतीस?"

"तू गायला लागलीस म्हणून." तिनं लाडानं माझ्या गालावरून हात फिरवला. "मशीन काढली ना मम्मी, की तू लई छान गातीस."

पाठीमागून बाया येऊन माझा हात धरायला लागल्या, काय गळा हाय बाई, काय गळा हाय. म्या मायाचे डोळे पुसले.

"हाव का," म्हणलं. "मंग काढूनच ऐकत जा."