सव्वा अंशाची फट

रविवारी सकाळी दहालाच मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. सांगलीच्या आसपासच्या वीसेक गावांतून माणसं आली होती. काठी टेकत आलेले, दोघांनी धरून आणलेले, मांडीवर एक्स-रेची पाकिटं घेऊन बसलेले. स्टेजवर टेबल, टेबलावर लाल मखमलीत मढवलेला चौकोनी पट, त्यावर जरीच्या बारीक रेघांनी आखलेली घरं. वर कॅमेरा टांगलेला आणि मागे मोठा पडदा. शेवटच्या रांगेलासुद्धा पट स्वच्छ दिसत होता.

आयुष्यनाथ महाराज आले. चाळिशीचा माणूस, पांढरा कुर्ता, गालाजवळ छोटा माइक.

"अंधश्रद्धा ठेवू नका!" त्यांनी सुरुवातच अशी केली. "मी सांगतो म्हणून मानू नका. मोबाईल काढा, शूटिंग करा, मोजून घ्या. आमच्याकडं लपवाछपवी न्हाई. चौसष्ट योगिनींची ही चौसष्ट घरं, आठ आडवी, आठ उभी. तुमच्या डोळ्यांदेखत माता पासष्टावं घर देणार. एक घर म्हंजे एक वर्ष! ज्याच्या दंडाला ते बांधलं, त्याच्या नावावर यमाच्या वहीत खाडाखोड झालीच म्हणून समजा!"

लोक हसले. टाळ्याही वाजल्या.

"गणिताचं कोण हाय का हितं? मास्तर, बाई? या वर. मी अडाणी माणूस. तुमीच मोजा."

माझ्या शेजारी बसलेल्या आण्णांनी माझा हात धरून वर केला. "हाय की! आमची दीपाली. धावीला गणित शिकिवती."

आण्णा म्हणजे माझे वडील, भाऊसो मगदूम. वय चौसष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असं शाळा सुटल्यावर मी त्यांना मिरजेला डायलिसिसला नेत असे. चार तास ते आत मशीनला जोडलेले आणि मी बाहेरच्या बाकावर पेपर तपासत बसलेली. पहिले काही महिने मी घाबरायचे, चिडायचे, रडायचे. मग ते सगळं थांबलं. कधी थांबलं ते कळलं नाही. त्या दिवशीही मी फक्त आण्णा म्हणाले म्हणून आले होते.

मी स्टेजवर गेले. घरं मोजली. आठ आठे चौसष्ट.

महाराजांनी मंत्र पुटपुटत पटाचे तुकडे सुटे केले. ते चारच होते, दोन त्रिकोणी आणि दोन एका बाजूला तिरके कापलेले. प्रत्येकाच्या कडेला बोटभर जरीची पट्टी. शंख वाजला, धूप पसरला. त्यांनी तेच चार तुकडे फिरवून वेगळे मांडले आणि आता चौकोनाऐवजी एक लांबट आयत तयार झाला.

"मोजा बाई. मोठ्यानं."

मी आडवी घरं मोजली, तेरा. उभी मोजली, पाच.

"तेरा पाचे?"

"पासष्ट," मी माइकवर म्हणाले.

कार्यालय दणाणलं. बायका रडायला लागल्या. मला काहीच वाटलं नाही, आश्चर्यसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर तिथेच कागद-पेन काढलं असतं. मी खाली उतरले आणि जागेवर जाऊन बसले.

मग रांगेत एकेकाच्या दंडाला घराएवढा लाल मखमली चौकोन बांधला गेला. आण्णांच्या दंडाला ते 'घर' बांधताना महाराजांनी नेम सांगितला. एकेचाळीस दिवस अंगाला सुई लागू द्यायची नाही, गोळी पोटात जाऊ द्यायची नाही. गेली तर वर्ष परत जाईल.

सोमवारी संध्याकाळी मी गाडीची किल्ली घेतली, तर आण्णा कॉटवरून उठेनात.

"आज न्हाई यायचं मला."

"आण्णा, एक वेळ चुकली तरी अंगात पाणी साठतं. डॉक्टर काय म्हणालेत?"

"डॉक्टर कवा म्हणला का, वर्ष वाढवून देतो म्हणून? चौसष्ट पुरी झाल्यात माझी. हे पासष्टावं माझंच हाय. आणि तूच मोजलंस की."

मी किल्ली परत खुंटीला अडकवली. मोजलं तर मीच होतं.

आई, म्हणजे आक्काताई, रोज बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन भगवंतापुढे तांदूळ ठेवणारी साधी बाई. ती म्हणाली, "जाऊ दे गं. मिळालंय वरीस, तर सुया टोचून कशाला घालवायचं?"

बुधवार गेला. शुक्रवार गेला. पाय सुजले. दुसरा सोमवारही गेला. मी रोज विचारायचे, ते रोज नको म्हणायचे. डॉक्टरांना फोन केला. ते माझ्यावर ओरडले, उचलून आणा म्हणाले. मी आण्णांना तसंच सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी शाळेत गेले आणि शिकवलं. समरूप त्रिकोणांचं प्रमेय. पक्ष, साध्य, सिद्धता. वीस वर्षं तेच शिकवते आहे. फळ्यावर हात आपोआप चालतो.

मंगळवारी मधल्या सुट्टीत दहावीतली राजनंदिनी वहीत काहीतरी धरून आली. मंगल कार्यालयात आजीबरोबर तीही होती, तिने सगळं शूटिंग केलं होतं.

"बाई, मी त्यो पट आलेखाच्या कागदाचा करून बघितला. व्हिडिओ थांबवून थांबवून तसंच तुकडं कापलं. पण माझं जमंना. मधी बारीक फट राहतीय. चारदा कापलं. माझं कुठं चुकतंय?"

तिने चार तुकडे बाकावर मांडले. तेरा बाय पाच. आणि मधोमध, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, एक बारीक लांब फट.

मी त्या फटीवरून बोट फिरवलं.

"बाई?"

"तुझं नाही चुकलेलं," मी म्हणाले. "त्रिकोणाची तिरकी बाजू बघ. किती घरं पुढं जाते, किती वर चढते?"

"आठ पुढं, तीन वर."

"आणि दुसऱ्या तुकड्याची तिरकी कड?"

"पाच पुढं, दोन वर."

"दोन्ही एकाच सरळ रेषेत असतील तर चढ सारखा पाहिजे. आहे का?"

तिने कडेला लिहिलं. "तीन अष्टमांश म्हंजे शून्य पूर्णांक तीनशे पंच्याहत्तर. दोन पंचमांश म्हंजे शून्य पूर्णांक चार. सारखं न्हाई, बाई!"

तिने टॅनचं कोष्टक काढलं. एक कोन साडेवीस अंशांच्या जरासा वर, दुसरा बावीसच्या जरासा खाली. फरक सव्वा अंश. डोळ्याला न कळणारा. तेरा घरांच्या लांबीवर त्या सव्वा अंशाची जी फट पडते, तिचं क्षेत्रफळ बरोबर एक घर. कडेच्या जरीच्या पट्ट्या एकमेकींवर चढल्या की ती फट झाकली जाते. पासष्टावं घर म्हणजे ती फट.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि तशीच घरी आले.

आण्णा उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की धाप लागत होती. मी कॉटवर त्यांच्यासमोर तुकडे मांडले. "आण्णा, वर्ष-बिर्ष काही वाढलेलं नाही. ही बघा फट. जरीखाली लपवली होती."

त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं.

"ती व्हय. दिसली हुती मला."

"कधी?"

"तवाच. पडद्यावर. जरीची पट्टी वाकडी पडली हुती मधी. चाळीस वर्सं बांध बघतोय, वाकडा बांध मला लांबनं कळतो."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तू पासष्ट म्हणालीस की." ते थांबून श्वास घेत होते. "म्हटलं, माझं डोळं म्हातारं. पोरगी गणिताची बाई हाय. तिनं मोजलंय, तर आसंल."

मी दंडाचं घर सोडलं. त्यांनी सोडू दिलं. शेजारच्या जयपालकाकांच्या गाडीतून आम्ही मिरज गाठली. लगेच मशीनला लावलं, पण फुप्फुसात पाणी झालं होतं आणि हृदयावर ताण आला होता. गुरुवारी सकाळी आण्णा गेले.

माणसं भेटायला येत होती. मी चहा देत होते. कुणीतरी मोबाईलवर दाखवलं. महाराजांच्या व्हिडिओत मी होते. खाली लिहिलं होतं, 'गणिताच्या शिक्षिकेने दिली चमत्काराची कबुली.' लाखभर लोकांनी तो पाहिला होता.

महिन्याने महाराजांचा कार्यक्रम पुन्हा लागला. मी गेले. आई आली, राजनंदिनीही आली. महाराजांनी मला लांबूनच ओळखलं.

"याच त्या बाई! साक्षात गणित आज दुसऱ्यांदा मातेच्या दरबारात आलंय! या बाई, वर या. काय सांगाल?"

मी माइक घेतला. "मागच्या वेळी मी इथं पासष्ट म्हणाले. ते चूक होतं."

मी पुठ्ठ्याचे चार जाड तुकडे पिशवीतून काढून कॅमेऱ्याखाली ठेवले. मखमल नाही, जर नाही. आधी आठ बाय आठ मांडले, मग तेरा बाय पाच. पडद्यावर मधली फट सगळ्यांना दिसली.

"मातेच्या पटाची नक्कल करता?" महाराज हसले. "पुठ्ठ्यात शक्ती कुठनं यायची, बाई?"

"मग तुमच्या पटाच्या जरीच्या पट्ट्या काढू का?"

"मातेचं वस्त्र हाय ते! हात लावायचा न्हाई!"

माइक बंद पडला. वीस वर्षं साठ-साठ मुलांच्या वर्गात शिकवलं आहे, मला माइक लागत नाही. आईने पदराखालून राजगिऱ्याचा डबा काढला. राजनंदिनीने त्या फटीत पुठ्ठ्याच्या जाडीएवढा राजगिरा भरला. मग तोच गोळा करून, त्याच जाडीच्या पुठ्ठ्यात एका घराएवढा चौकोन कापून केलेल्या चौकटीत ओतला. चौकट काठोकाठ भरली.

"हे त्यांचं पासष्टावं घर," मी म्हणाले. "मी तेरा आणि पाच बरोबर मोजले. पण तो आयत अखंड आहे हे मी धरून चालले, कारण ह्यांनी तसं दाखवलं. तपासलं नाही. त्यानंतर माझ्या वडिलांनी डायलिसिस बंद केलं आणि अकराव्या दिवशी ते गेले."

"एवढ्याशा फटीतसुद्धा देव बसतो!" महाराज ओरडले. पण समोर कुणी टाळी वाजवली नाही.

पुढच्या रांगेतून रंगूबाई नावाची म्हातारी उठली. तिच्या दंडावर लाल घर होतं. "आवं बाई, आसलंच घर माझ्या नातवाच्या दंडाला बी हाय. त्याला फिट येती. ह्यांनी गोळ्या बंद करायला लावल्यात. मग आता काय करू?"

"आत्ता घरी जा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारा. उद्यावर टाकू नका."

ती बाहेर पडली. तिच्या मागोमाग आणखी दोघं-तिघं उठली. बरीच माणसं मात्र तशीच बसून राहिली, तेही सांगायला हवं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली मी पोलिसांत तक्रार दिली. गुन्हा नोंदला आहे, खटला चालू आहे. महाराजांनी गावं बदलली आहेत, एवढं कानावर येतं.

मी आता बोलावतील तिथे जाते आणि पुठ्ठे मांडते. लोक विचारतात, बाई, तुम्हाला रडू नाही येत का? अजून आलेलं नाही. सांगायचं ते मात्र सांगते. चालू असलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. चमत्कार दाखवणारा मोजा म्हणाला, तर त्याने मांडलेलं मोजू नका. स्वतः कापा, स्वतः मांडा, मग मोजा. आणि तुम्हाला काही वाकडं दिसलं, तर शेजारी कितीही शिकलेला माणूस बसलेला असो, तिथल्या तिथं बोला. शिकलेला माणूस थकलेला असेल. त्याने नीट पाहिलेलंच नसेल.