सतराव्या नावाची हजेरी

सेतुमाधवाला माणसं मोजायचं व्यसनच जडलं होतं. वादळातून वाचलेल्यांची मनं किती ढासळलीत ते डॉक्टरांना कळावं म्हणून छापलेला फॉर्म तो घरोघर जाऊन भरून घ्यायचा; वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. तो हा फॉर्म मनातल्या मनात बसकंडक्टरलाही लावून बघायचा. कंडक्टर बारा गुणांवर थांबला. सासूबाईंना मात्र रकाने पुरले नाहीत.

पासष्टच्या फेब्रुवारीत तो तिरुवल्लिकेणीला राघोत्तमकडे त्याच्या बहिणीचा फॉर्म भरायला गेला, तेव्हा राघोत्तमने त्याला दारातच गाठलं.

"कनकाक्काला वेड्यांच्या इस्पितळात नेणार का हो?"

"एकोणिसाव्या प्रश्नाला तीन पडले तर बेरीज बघतच नाहीत, थेट नेतात. मेलेल्यांशी बोलता का, असा प्रश्न आहे."

राघोत्तमचा चेहरा उतरला. "रोज दहाला उभी राहून पोरांना हाका मारते. घरमालक जागा सोडा म्हणतो. पण अक्काला तिकडे कसं टाकू?"

कनका धनुष्कोडीच्या एका लहान शाळेत शिकवायची. डिसेंबरच्या वादळात पोरांसकट वस्ती समुद्रात गेली आणि ती वाळूच्या टेकाडावर रात्रभर पाण्यात उभी राहून उरली. आता ती शेंगा निवडत बसली होती.

"विचार बाबा. दहाच्या आत आटप."

"जेवण जातं?"

"जातं. भावजय मीठ कमी घालते, तेही लिही."

"रडू येतं?"

"येतं. तुला येत नाही?"

सेतुमाधवने घाईघाईने एक गुण मांडला. अठरा प्रश्नांत बेरीज झाली अकरा. कंडक्टरपेक्षा एक कमी.

दहाचे टोल पडले. कनकाने हात पुसले, उभी राहिली. "एक. आरोक्यसामी." थांबली. "दोन. जैनब."

"कुणी ओ देतं, अक्का?" त्याने हळूच विचारलं.

ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं तिने बघितलं. "मेलेली पोरं ओ कशी देतील? रजिस्टर पाण्यात गेलं. सरकारी यादीत लिहिलंय, मुले अंदाजे तीस. माझी एकतीस होती. ओळीने म्हटली तर नावं राहतात, मधूनच आठवायला गेले की तुटतात."

"मग लिहून का नाही ठेवलंत?"

"सतरावं नाव येत नाही. ते सोडून लिहिलं तर पुढची सगळी वर सरकतील, आणि यादी पुरी दिसेल."

सेतुमाधवने फॉर्म उलटा केला. "म्हणा. मी जागा सोडतो."

ती म्हणत गेली. कुणाचा बाप नावाडी, कुणाचा पोर्टर, जैनब डावरी, नववा बेरजेत हातचा विसरायचा. पहाटेपर्यंत पाण्यात उभ्या राहिलेल्या बाईने एवढी सगळी पोरं कोरडी ठेवली होती. आपण कधी उठून उभे राहिलो, ते सेतुमाधवलाही कळलं नाही. दारात राघोत्तम मान खाली घालून ऐकत होता.

"सतरा." कनका थांबली. "मुलगी होती. पाटी दोरीने गळ्यात अडकवायची."

त्याने सतरा लिहिलं, पाटीचं लिहिलं, नावाची जागा मोकळी सोडली. मग अठरा.

एकतीस झाल्यावर तिने पुन्हा शेंगा ओढल्या. सेतुमाधवने एकोणिसाव्या प्रश्नाला शून्य घातलं.

"डॉक्टर विचारतील," राघोत्तम पुटपुटला.

"विचारू देत. मागची बाजू दाखवीन." मग कनकाला म्हणाला, "अक्का, उद्या दहाला येऊ?"

"ये. पाच मिनिटं आधी."