पोटातली भिंत

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. दोष माझा नाही. माझ्या पोटात एक भिंत आहे आणि ती सरकते.

मला एका कुलूपवाल्याने घडवलं, संसार मांडला त्या महिन्यात. आत खाचा पाडून त्याने पत्र्याची पट्टी उभी बसवली. डावा कप्पा घरखर्चाचा, उजवा दुसऱ्याच्या अडीनडीचा. ज्याला जेवढी जागा, तेवढा त्याचा वाटा.

त्याची बायको कपडे शिवायची. हात सढळ. नवरा दुकानात गेला, की ती भिंत बोटभर डावीकडे ढकलायची. संध्याकाळी तो गुपचूप मागे आणायचा.

"घरात उंदीर झालाय वाटतं," तो जेवताना म्हणायचा. "भिंती सरकवतो."

"एक नाही हो, दोन आहेत. दुसरा संध्याकाळी फिरतो."

शेजारी त्याला कवडीचुंबक म्हणायचे. पण या ओढाताणीत चाळीस वर्षं दारातून कोणी रिकाम्या हाताने गेलं नाही, आणि घरची चूलही विझली नाही.

मग तो गेला. ती सवयीने रोज ढकलत राहिली. एक दिवस भिंत टोकाला टेकली, डावा कप्पा मिटला आणि मी जन्मात पहिल्यांदा स्वस्थ झालो. तशी स्वस्थता वैऱ्यालाही मिळू नये.

एका शनिवारी लेक आली. खिडकीत डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली होती. तिने मला उघडलं.

"आई, थेंब का नाही आणलेस? डॉक्टर काय म्हणाले होते? थेंब चुकले तर दिसायचं बंद होईल."

"समोरच्यांच्या सुनेला नड होती गं."

"आणि तुझे डोळे?"

आई बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. ओवला गेला नाही.

"मी ढकलते गं रोज," ती म्हणाली. "मागे कोणी आणतच नाही."

खाचांना गंज धरला होता. लेकीने शिलाई मशीनचं तेल सोडलं, अंगठा लावला, अगदी बापासारखा, आणि भिंत मागे आणली. मग जाऊन थेंब घेऊन आली.

पुढच्या शनिवारी भिंत पुन्हा बोटभर डावीकडे.

"आई, उंदीर झालाय वाटतं."

"एकच आहे," आई म्हणाली. "दुसऱ्याची वाट बघत होता."

मित्रांनो, तुमच्या घरातली अशी भिंत खिळे ठोकून पक्की करू नका. खाचांत तेल घाला. आणि ढकलणारा हात एकटा पडला असेल, तर संध्याकाळी जरा फिरकत जा.